जुन्या बाजारातली सुतारशाळा

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी दुसऱ्याचे २,१०० रुपये खिशात घेऊन बाजारात गेलंय का? स्वतःचे पैसे असले की माणूस बिनधास्त असतो. पण हे पैसे होते आमच्या शाळेतल्या मुलांचे. कुणी रद्दी गोळा करून विकली होती, कुणी खाऊचे पाच-पाच रुपये साठवले होते. त्यामुळे ते पैसे मी माझ्या खिशात ठेवायचं धाडस केलंच नाही. ते होते आमच्या खजिनदारबाईंच्या कंपासपेटीत!

खजिनदारबाई म्हणजे सातवीतली एक मुलगी. हिशेबाला एवढी पक्की की तिच्यापुढे मीसुद्धा जपून बोलतो. तिच्याबरोबर सातवीचाच मॉनिटर, मी आणि आमच्या गावचे सुतारआजोबा असे आम्ही चौघं डिसेंबर २०२४ मधल्या एका रविवारी पुण्याला निघालो. कशासाठी? तर सुतारकामाची जुनी हत्यारं विकत आणण्यासाठी. त्याच सहलीची ही गोष्ट.

पुरंदर तालुक्यातल्या एका लहानशा गावात मी प्राथमिक शिक्षक आहे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात मुलांच्या चपलांचा रोज ढीग पडतो. मग शाळा सुटली की, "माझी चप्पल कुठाय?" म्हणून आरडाओरडा. त्यातच एखादं कुत्रं एक चप्पल घेऊन पसार झालेलं असतं! एकदा कार्यानुभवाच्या तासाला मुलं म्हणाली, "सर, कागदाची फुलं पुरे झाली. आपण चपलांसाठी लाकडी मांडणी करूया ना."

कल्पना झकास होती. लाकूडही होतं. मोडक्या बाकांच्या सागवानी फळ्या खोलीत पडून होत्या. नव्हती ती फक्त हत्यारं. तालुक्याच्या दुकानात चौकशी केली, तर करवत, रंधा, पटाश्या असं करत करत आकडा पाच हजारांच्या वर गेला. मुलांचे चेहरे उतरले.

तेव्हा सुतारआजोबा मदतीला आले. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. एके काळी पंचक्रोशीतल्या नांगर, कुळव, तिफणी आणि बैलगाड्या त्यांच्याच हातून दुरुस्त होऊन जायच्या. बारा बलुतेदारांमध्ये सुतार हा एक महत्त्वाचा बलुतेदार. त्यानं वर्षभर शेतीची औजारं नीट ठेवायची आणि सुगीला शेतकऱ्यानं त्याला धान्य द्यायचं, अशी रीत आजोबांनी लहानपणी पाहिलेली. ते म्हणाले, "गुरुजी, नवं कशापायी घेता? जुन्या बाजारात चला. पण मला संगती न्या. न्हाईतर गंज बगून चांगलं टाकाल आन् चकाकी बगून वाईट घ्याल!"

हे त्यांचं शेवटचं वाक्य मी हसण्यावारी नेलं. ते किती खरं होतं, ते पुढे कळेलच.

बाजार भरला!

मुख्याध्यापकांची परवानगी आणि दोघांच्या आईवडिलांच्या चिठ्ठ्या घेऊन सकाळची पहिली एस.टी. पकडली. दिवेघाट उतरून हडपसरमार्गे स्वारगेटला पोहोचलो. तिथून मेट्रो. मुलांचा हा पहिलाच मेट्रोप्रवास. जिल्हा न्यायालयाचं स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. म्हणजे आमच्या गावच्या विहिरीपेक्षाही खोल! तिथे गाडी बदलून मंगळवार पेठेच्या स्थानकावर उतरलो. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला आजोबा तयार नव्हते. शेवटी खजिनदारबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना पार केलं.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेजवळ, कुंभारवेशीच्या बाजूला, दर बुधवारी आणि रविवारी भरतो. पुण्यातल्या पिढ्यान् पिढ्यांना तो ठाऊक आहे. रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकचे कागद, पोती, चादरी अंथरायच्या आणि माल मांडायचा, एवढंच दुकान. पण काय नसतं त्यात! पितळी समया, घड्याळं, नाणी, बूट, मोटारसायकलचे सुटे भाग, कुलुपं, एका कानानं चालणारे हेडफोन, बिनझाकणाच्या किटल्या आणि बिनकिटल्यांची झाकणं!

मॉनिटरनं विचारलं, "सर, एवढ्या वस्तू येतात तरी कुठून?"

एका दुकानदार चाचांनीच उत्तर दिलं. कुणी घर बदलतं, कुठला कारखाना बंद पडतो, कुणाचे वडील जातात आणि मुलांना त्यांच्या वस्तूंचं काय करायचं ते समजत नाही. मग भंगारवाला येतो. तो वजनावर घेतो. त्याच्याकडून हे लोक निवडून घेतात आणि इथे मांडतात. चाचा म्हणाले, "भंगारवाल्याला सगळं लोखंड सारखंच असतं. आम्ही त्यातून काम देणारं वेगळं काढतो."

माझी १२० रुपयांची चूक

आजोबा एका टपरीवर चहाला थांबले. मी मुलांना घेऊन पुढे गेलो आणि एका चादरीवर मला एक पटाशी दिसली. आरशासारखी लख्ख! शेजारी तशाच चार-पाच पटाश्या होत्या, पण गंजून तपकिरी झालेल्या. मी ऐटीत घासाघीस केली. दोनशेची पटाशी १२० ला पाडली. विजयी मुद्रेनं ती आजोबांपुढे धरली.

आजोबांनी खिशातून बोटाएवढी कानस काढली. पटाशीच्या टोकाशी हळूच घासली. खर्रर्र! कानस लोण्यात शिरावी तशी शिरली.

"गुरुजी," आजोबा म्हणाले, "ही मेल्याली हाय."

मुलांनो, पोलादाची ही गंमत समजून घेण्यासारखी आहे. हत्यार बनवताना पोलाद लालभडक तापवून पाण्यात किंवा तेलात एकदम बुडवतात. त्यानं ते अतिशय कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा हलकेच तापवतात. वाळलेल्या गवतासारखा पिवळसर रंग आला की थांबायचं. आता ते कठीणही राहतं आणि पटकन तुटतही नाही. हाच हत्याराचा खरा जीव. याला म्हणतात पाणी देणं.

पुढे कुणी धार लावताना ते वेगानं फिरणाऱ्या सहाणेवर जोरात दाबून धरलं, की घर्षणानं टोक फार तापतं. रंग पिवळ्याचा निळा होतो. निळा झाला म्हणजे पाणी उतरलं. पोलाद मऊ पडलं. मग धार लावा, दोन ठोक्यांत ती वळणार! माझ्या पटाशीवरचा निळा डाग कुणीतरी पॉलिश करून घालवला होता. चकाकी होती, जीव नव्हता.

चांगल्या पोलादावर कानस घासली तर ती सरकून जाते, चावत नाही. एवढी साधी परीक्षा. पण ती विकत घेण्याआधी करायची असते!

खजिनदारबाईंनी शांतपणे वही उघडली आणि लिहिलं, "पटाशी १ — १२० रुपये — सरांची चूक." मग माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं खिशातून १२० रुपये काढून कंपासपेटीत टाकले.

गंज कुठे आहे, ते बघा

मग आजोबांची शाळा सुरू झाली. आम्ही तिघंही विद्यार्थी!

त्यांनी त्याच चादरीवरची एक गंजलेली पटाशी उचलली. अंगठ्यानं तिचा सपाट भाग चोळला. "गंज दोन परकारचा. एक वर बसतो, धुळीसारखा. त्यो निघतो. दुसरा आत शिरतो, देवीच्या वणावानी खड्डे पाडतो. त्यो न्हाई निघत."

पटाशीची धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ. एक बाजू उतरती, दुसरी अगदी सपाट. त्या सपाट बाजूला टोकापाशी खड्डा असला, तर धारेत तिथे खाच पडणारच. म्हणून टोकाकडची सपाट बाजू स्वच्छ हवी. दांड्याकडे थोडे खड्डे असले तरी बिघडत नाही. लाकडी मूठ फुटली असेल तर? आजोबा हसले. "मूठ मी बाभळीची करून दीन. मुठीचं पैसं कापून घ्या त्येच्याकडनं."

हा मुद्दा मला फार आवडला. जुनी वस्तू घेताना दोन याद्या करायच्या. काय दुरुस्त होऊ शकतं आणि काय होऊ शकत नाही. पहिल्या यादीतल्या दोषांमुळे भाव उतरतो, ते आपल्या फायद्याचे. दुसऱ्या यादीतला एक जरी दोष सापडला, तरी वस्तू फुकटात नको.

त्यातल्या एका पटाशीवर काहीतरी कोरलेलं होतं. मॉनिटरनं थुंकी लावून पुसलं. (पुसायला पाणी वापरावं, असं मी त्याला नंतर सांगितलं!) इंग्रजी अक्षरं उमटली, 'कास्ट स्टील' आणि खाली 'शेफील्ड'.

शेफील्ड हे इंग्लंडमधलं पोलादाचं गाव. तिथे १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या एका घड्याळजीला घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी चांगलं पोलाद हवं होतं. मिळेना, म्हणून त्यानं पोलाद मातीच्या मुशीत पूर्ण वितळवून ओतून पाहिलं. ते सगळीकडे एकसारखं निघालं. पुढे शेफील्डचे हत्यारं बनवणारे असल्या पोलादाच्या वस्तूंवर अभिमानानं 'कास्ट स्टील' असा छाप मारू लागले. आपल्या दक्षिण भारतात तर मुशीत पोलाद करण्याची कला त्याच्याही कितीतरी शतकं आधीपासून होती, आणि ते पोलाद दूरदूरच्या देशांत जात असे.

"म्हणजे सर, ही पटाशी बोटीनं आली असेल?" मॉनिटरनं विचारलं. आली असेल. मग किती हातांतून, किती दारं-खिडक्या करत या चादरीवर पोहोचली, कुणास ठाऊक. आजोबांनी तिच्यावर कानस घासली. सुळ्ळकन सरकली! तिच्यासह तीन पटाश्या २७० रुपयांना मिळाल्या.

करवत, रंधा आणि गुण्या

करवत घेताना आजोबांनी ती बंदुकीसारखी डोळ्यापुढे धरली. मुठीकडून टोकाकडे दातांच्या ओळीवरून नजर टाकली. पातं सरळ आहे ना? मग पातं धनुष्यासारखं वाकवून सोडलं. ते झटकन सरळ झालं. "ह्ये चांगलं. वाकल्यालं तसंच ऱ्हायलं, तर त्ये पत्र्याचं."

करवतीचे दात नीट बघितलेत कधी? एक दात किंचित डावीकडे वळवलेला, पुढचा उजवीकडे. त्यामुळे लाकडात पडणारी चीर पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद होते आणि करवत अडकत नाही. जुन्या करवतीचे दात बोथट झाले तर तिकोनी कानशीनं घासून पुन्हा धारदार करता येतात. हल्ली काही नव्या करवती अशा येतात की त्यांच्या दातांची टोकं खास कठीण केलेली, काळसर-निळी असतात. त्या पुष्कळ दिवस कापतात, पण बोथट झाल्या की कानस लागत नाही. टाकूनच द्यायच्या. जुनी करवत मात्र धार लावत लावत वर्षानुवर्षं चालते. दोन करवती २७० रुपये.

रंध्याची परीक्षा सगळ्यांत अवघड. लोखंडी रंधा बहुधा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बीड जड असतं, कठीण असतं, पण उंचावरून पडलं की तडकतं. आजोबांनी रंधा उलटा केला आणि ज्या फटीतून पातं डोकावतं तिच्या दोन्ही कोपऱ्यांपाशी नखानं तपासलं. तडा बहुधा तिथेच जातो. पहिल्या रंध्याला केसाएवढी रेघ होती. तो परत ठेवला. दुसऱ्याचा एक स्क्रू गायब होता. मी म्हटलं, "स्क्रू काय, कुठंही मिळेल." आजोबा म्हणाले, "न्हाई गुरुजी. ह्येचं आटं येगळं असत्यात. बाजारातला कंचाबी बसत न्हाई." तोही परत!

तिसरा रंधा पूर्ण होता, फक्त गंजलेला. खजिनदारबाईंनी कंपासपेटीतली पट्टी काढली आणि रंध्याच्या तळावर उभी धरून उजेडाकडे बघितलं. पट्टीखालून उजेड दिसला तर तळ सपाट नाही. उजेड जवळजवळ दिसलाच नाही. "आठशे," दुकानदार मावशी म्हणाल्या. खजिनदारबाई म्हणाल्या, "मावशी, आमच्या शाळेच्या मुलांचे पैसे आहेत हो." मावशींनी कंपासपेटीकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि ५५० ला दिला. वर एक लाकडी मोगरी फुकट!

गुण्या म्हणजे काटकोन बघायचं साधन. तो वाकडा असेल तर सगळं काम वाकडं. पण तो सरळ आहे हे कसं ओळखायचं? तिथे काटकोन मोजायला दुसरं काही नव्हतं. आजोबांनी मुलांनाच विचारलं. तुम्हीही दोन मिनिटं विचार करा बरं.

झाला विचार? हे बघा. सरळ कडेच्या एका पुठ्ठ्याला गुण्या टेकवून एक रेघ मारायची. मग गुण्या उलटा करून, म्हणजे त्याचं डावं अंग उजवीकडे करून, त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या बरोबर. फाकल्या तर चूक. आणि गंमत म्हणजे, गुण्यात जेवढी चूक असेल तिच्या दुप्पट रेघा फाकतात, म्हणून लहान चूकही लगेच दिसते. हे कोडं मॉनिटरनं सोडवलं. ७० रुपयांचा गुण्या त्याच्याच हातात दिला.

हातानं फिरवायचं ड्रिल २५० रुपयांना घेतलं. कानस मात्र आजोबांनी जुनी घेऊ दिली नाही. कानशीचे दात झिजले की ती पुन्हा धारदार करणं परवडत नाही. म्हणून परतीच्या वाटेवर एका दुकानातून दोन तिकोनी कानशी १५० रुपयांना आणि धार लावायचा निसणा २६० रुपयांना नवा घेतला. जुनं म्हणजे सगळंच स्वस्त आणि मस्त, असं नसतं.

पत्र्याची पेटी

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट वाचा.

निघता निघता बाजाराच्या एका टोकाला आम्हांला पत्र्याची एक पेटी दिसली. झाकण उघडं. आत वाकस, रंधा, किकरं, पटाश्या, करवत, गिरमिट, सगळं जागच्या जागी. प्रत्येक पात्याला तेल लावलेलं. पटाश्यांच्या मुठींवर ब्लेडनं कोरलेली एकसारखी खूण. सगळ्या पेटीचे मिळून १,५०० रुपये! माझ्या मनात आलं, हे सकाळीच दिसलं असतं तर? अजूनही थोडी घासाघीस करून बघायला काय हरकत आहे? कमी पडले तर मी घालीन.

आजोबा खाली वाकले. पेटीच्या कोपऱ्यात एक पेन्सिलीचा तुकडा होता, चपटा, सुतारी. त्याच्याशेजारी दोऱ्यानं बांधलेला एक चष्मा.

आजोबांनी विचारलं, "कुणाचं हाय ह्ये?"

विकणारा मुलगा खांदे उडवून म्हणाला, "माहीत नाही. आलंय."

"कुटनं आलं?"

"घ्यायचं असेल तर घ्या की आजोबा. चौकशी कशाला?"

आजोबांनी झाकण हळूच लावलं आणि चालू लागले. बरंच पुढे गेल्यावर म्हणाले, "हत्यारं इकणारा सुतार चष्मा इकत न्हाई."

आम्ही गप्प झालो. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "कदाचित मानूस गेला आसंल. घरच्यांनी पेटी उचलून दिली आसंल. तसं बी आसतं. पण मग सांगता याया पायजे. आन् चोरीची आसंल, तर त्यो आज कामावर कसा गेला आसंल?"

मॉनिटरला राहवेना. "पण आजोबा, आपण नाही घेतली तरी दुसरं कुणीतरी घेईलच ना?"

खरं सांगतो, मलाही हाच प्रश्न पडला होता आणि मला उत्तर देता आलं नसतं. आजोबा म्हणाले, "घेईल की. पर त्येच्या हातानं. तुमच्या साळंत पोरं त्या मुठी धरतील, तवा त्यांना काय सांगशीला, कुणाची हाय म्हून?"

मुलांनो, बाजारातले बहुतेक लोक चाचांसारखे, मावशींसारखे कष्टाचे आणि सरळ असतात. माल कुठून आला ते विचारलं की ते सांगतात. आम्ही घेतलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल आम्हांला काही ना काही सांगितलं गेलं होतं. रंधा एका बंद पडलेल्या फर्निचरच्या कारखान्यातला, करवती एका जुन्या वाड्यातल्या. स्वस्त वस्तू घेताना भाव विचारावा, तसाच हा प्रश्नही विचारावा. उत्तर नसेल तर वस्तू कितीही चांगली असो, हात मागे घ्यावा. त्या दिवशी मी एकट्यानं गेलो असतो, तर बहुधा मागे घेतला नसता. हे कबूल करायला हवं.

गंज उतरला

पैशांचा हिशेब असा झाला. एकूण खर्च १,९४०. त्यातले १२० माझे. म्हणजे मुलांच्या २,१०० मधून २८० रुपये शिल्लक! मॉनिटरला वडापाव हवा होता, पण खजिनदारबाईंनी कंपासपेटी घट्ट मिटली. वडापाव माझ्याकडून झाले.

सोमवारी शाळेत नुसती धमाल. पाती लाकडापासून वेगळी केली. शिलकीतून आणलेल्या व्हिनेगरमध्ये ती रात्रभर बुडवून ठेवली. व्हिनेगर म्हणजे सौम्य आम्ल. ते गंज सैल करतं. सकाळी घासणीनं घासल्यावर काळपट पाणी निघालं आणि खालून करडं पोलाद दिसू लागलं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचं, म्हणजे उरलंसुरलं आम्ल निघून जातं. लगेच कोरडं पुसायचं आणि शिवणयंत्राचं तेल लावायचं. ओलं ठेवलं तर तासाभरात पुन्हा गंज हजर!

पटाश्यांना आजोबांनी कोनमापकावर बघत तीस अंशांची धार लावून दाखवली. भूमितीचा असा उपयोग मुलांनी पहिल्यांदाच पाहिला. नियम एकच, तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला: पटाशी चालवताना दोन्ही हात धारेच्या मागे आणि लाकूड पक्कं बसवलेलं.

मग रंधा जोडला. खजिनदारबाईंनी जुन्या बाकाच्या फळीवर तो ठेवला, ढकलला. अडकला. आजोबांनी पातं कणभर वर घेतलं. पुन्हा ढकलला. सर्रर्र! रंध्यातून पातळ, लांबलचक साल बाहेर आली. त्या काळपट, शाईचे डाग पडलेल्या फळीखाली सोनेरी साग होता. सगळा वर्ग ती साल हातात घ्यायला धावला.

मांडणी व्हायला तीन आठवडे लागले. ती डावीकडे थोडी कलली आहे, कारण एक पाय अर्धा इंच आखूड कापला गेला. त्याखाली सध्या एक चिपाट आहे. पण कुत्र्यांची मात्र पंचाईत झालीय! आजोबा आता दर शनिवारी शाळेत येतात. आणि वर्गाच्या भिंतीवर एक लख्ख पटाशी टांगलेली आहे. तिच्याखाली खजिनदारबाईंच्या सुवाच्य अक्षरात लिहिलंय, "सरांची चूक. १२० रुपये. हात लावून बघावी."

तुम्हांला जायचं असेल तर…

• पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी असतो. मुंबईच्या मटण स्ट्रीटवरचा चोर बाजारही प्रसिद्ध आहे. पण लांब जायलाच हवं असं नाही. तुमच्या गावच्या भंगाराच्या दुकानात आणि आठवडी बाजारातही शोधा.

• घरातलं मोठं माणूस बरोबर हवंच. आणि गावातला एखादा जुना सुतार बरोबर आला, तर फारच छान.

• निघण्याआधी यादी करा. यादीत नसलेली वस्तू कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

• बरोबर एक पट्टी, लहान कानस, पुठ्ठा आणि पेन्सिल ठेवा. परीक्षा तिथेच घ्या. कानस लावण्याआधी विकणाऱ्याला विचारा.

• पालकांसाठी एक विनंती. माळ्यावर आजोबा-पणजोबांची एखादी गंजलेली पटाशी किंवा करवत पडलेली असेल, तर ती भंगारात देण्याआधी एकदा मुलांच्या हातात द्या. बाजारात शोधायला जाण्याची वेळच कदाचित येणार नाही.